शेवटचा ठोसा

१९८५ सरत आलंय. तुम्ही न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवे आणि बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे आहात. समोर ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या कॉमिक्सच्या दुकानाचं दार आहे. ढकला आणि आत या. बाहेरची थंडी दाराशीच राहते, आत नव्या शाईचा आणि स्वस्त कागदाचा वास आहे.

नव्या अंकांच्या फळीपाशी गर्दी आहे. तुम्हीही हात पुढे करा. ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’, अंक बारावा आणि शेवटचा. किंमत सव्वा डॉलर, कारण हा अंक नेहमीपेक्षा जाड आहे. मुखपृष्ठावर महिना मार्च १९८६ चा. कॉमिक्सवरची तारीख मुद्दामच काही महिने पुढची छापतात, म्हणजे स्टॉलवाला अंक शिळा समजून लवकर काढून टाकत नाही.

पान उलटण्याआधी शेजारच्या मुलाकडे बघा. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. आपली प्रत छातीशी धरून तो मित्राला सांगतोय, “सुपरगर्ल सातव्यात गेली, फ्लॅश आठव्यात. आता कोण?” तो चेष्टा करत नाहीये. वर्षभर दर महिन्याला त्याने कुणाला तरी निरोप दिलाय.

ही वेळ का आली, ते समजून घ्या. १९६१ साली गार्डनर फॉक्स आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी ‘फ्लॅश’च्या १२३ व्या अंकात एक देखणी युक्ती केली. चाळिशीच्या दशकातला जुना फ्लॅश, जे गॅरिक, दुसऱ्या पृथ्वीवर राहतो असं त्यांनी दाखवलं आणि नव्या फ्लॅशची, बॅरी ॲलनची, त्याच्याशी भेट घडवली. त्या एका दारातून पुढे पृथ्व्यांची रांगच लागली. नव्या वाचकाला गोंधळ वाटू लागला. १९८५ मध्ये हे कॉमिक्स छापणाऱ्या डीसी कंपनीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी काम हाती घेतलं: सगळ्या पृथ्व्यांची एकच पृथ्वी करायची. कथेत ते काम घडलं अँटी-मॉनिटरमुळे. हा खलनायक एकामागून एक विश्वं गिळत सुटला, आणि त्याला थोपवता थोपवता उरलेल्या पृथ्व्या एकीत मिसळून गेल्या.

आता वाचा. पहिल्यांदा गर्दी अंगावर येते. पेरेझ एका पानात डझनावारी माणसं काढतो आणि त्यातलं एकही भरताड नसतं. कोण घाबरलाय, कोण दमलाय, कोण शेजाऱ्याला आधार देतोय, हे उभं राहण्याच्या ढबीवरून कळतं. जेरी ऑर्डवेच्या शाईने त्या रेषांना वजन आलंय. डोळे पानाच्या अगदी जवळ न्या, रंगाचे ठिपके दिसतील. पेरेझचा हा हात २०२२ च्या मे महिन्यात कायमचा थांबणार आहे, हे या दुकानात फक्त तुम्हाला माहीत आहे. सावकाश बघा.

दुसऱ्या पृथ्वीचा रॉबिन आणि हंट्रेस मरतात. वंडर वुमनवर असा आघात होतो की तिचा काळ उलटा फिरतो आणि ज्या मातीतून ती घडली होती, त्या मातीत ती परत जाते. मुलाने ते पान दोनदा उलटसुलट केलं. तुम्हाला सांगावंसं वाटेल की १९८७ मध्ये हाच पेरेझ तिला त्याच मातीतून पुन्हा घडवणार आहे. सांगू नका.

आणि मग तो म्हातारा येतो. कानशिलं पांढरी झालेला, दुसऱ्या पृथ्वीचा सुपरमॅन. १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या मुखपृष्ठावर मोटार डोक्यावर उचलणारा, ज्याच्यापासून हा सगळा खेळ सुरू झाला, तो हाच. अकराव्या अंकात तो नव्या, एकवटलेल्या पृथ्वीवर जागा झाला, वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला, आणि तिथे त्याला कुणी ओळखलं नाही. त्याची बायको लुईसही उरली नव्हती. जे जग त्याने वाचवलं त्या जगात तो कधी जन्मलाच नव्हता.

तो धाकट्या सुपरमॅनला माघारी पाठवतो, कारण धाकट्याला परतायला घर आहे. आणखी एका पृथ्वीचा कोवळा सुपरमॅन, सुपरबॉय-प्राइम, मात्र हटत नाही, त्याचीही पृथ्वी गेलीय. डार्कसाइड हा दुसरा खलनायक दुरून, त्यांचा साथीदार अलेक्झांडर ल्यूथर याच्या डोळ्यांतून, अँटी-मॉनिटरवर वार करतो. शेवटचा ठोसा मात्र म्हाताऱ्याचा. अँटी-मॉनिटर संपतो. ल्यूथर सांगतो की लुईस जिवंत आहे, त्याने तिला जपून ठेवलंय. आणि ते चौघं या कथेच्या बाहेर निघून जातात.

घराच्या वाटण्या होताना थोरल्याने धाकट्यांसाठी आपला हिस्सा सोडावा, तसं हे जाणं आहे. सगळ्या आतषबाजीखाली या अंकाचं खरं काम हेच: कुणीतरी जागा रिकामी करतो, म्हणून दुसऱ्याला उभं राहता येतं. पुढच्याच पानांत वॉली वेस्ट आपल्या आत्याच्या नवऱ्याचा, बॅरीचा, लाल पोशाख चढवून फ्लॅश होतो. आणि अखेरीस उरतो वेड्यांच्या इस्पितळात बांधून ठेवलेला सायको-पायरेट नावाचा खलनायक, नाहीशा झालेल्या पृथ्व्या आठवत बसलेला.

मुलाने अंक मिटला. तो तुमच्याकडे वळतो. “आता ते परत नाही ना येणार?”

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. सुपरगर्ल २००४ मध्ये परतेल, बॅरी २००८ मध्ये. म्हाताऱ्या सुपरमॅनला ‘इन्फिनिट क्रायसिस’मध्ये परत आणतील आणि तिथे तो मरेल. अनेक पृथ्व्याही पुन्हा जन्मतील. या धंद्यात कुठलंही दार कायमचं बंद होत नाही.

तरी त्याला सांगा, “नाही, नाही येणार.” हे खोटं नाही. पुढे जे येतील ते नव्या लेखकांचे, नव्या वाचकांसाठी लिहिलेले असतील. हा मुलगा ज्यांच्यासोबत वर्षभर चालला, ते आज, या पानावर गेले. शेवटच्या अंकाने वाचकाला द्यायची गोष्ट हीच: मनापासून निरोप घ्यायची मोकळीक. पुढे काय होणार हे माहीत असलेल्या आपल्यासारख्यांनी ती कुणाची हिरावून घेऊ नये. माहिती नंतर कधीही मिळते, पण शेवट पहिल्यांदा वाचायला एकदाच मिळतो.