अशील नसलेला वकील : थॅडियस स्टीव्हन्स आणि १८३५ चे शाळांविषयीचे भाषण

थॅडियस स्टीव्हन्स हे नाव अमेरिकेच्या इतिहासात बहुधा यादवी युद्धानंतरच्या घडामोडींच्या संदर्भात येते. घटनेची चौदावी दुरुस्ती, राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील १८६८ चा महाभियोग, मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळावी ही मागणी, या साऱ्यांत वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहातील हा करड्या वाणीचा वृद्ध नेता आघाडीवर होता. आम्हांला मात्र येथे त्याच्या आयुष्यातील आधीच्या, तुलनेने कमी चर्चिल्या गेलेल्या टप्प्याचा विचार करावयाचा आहे. त्या काळी तो गेटिसबर्ग या लहानशा गावातील वकील होता आणि पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळाचा सभासद होता. वकिली युक्तिवाद आणि विधिमंडळातील भाषण या दोन्ही गद्यप्रकारांत प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचे कौशल्य लागते. पण बोलणारा कोणासाठी बोलतो आहे हा प्रश्न घातला, की दोहोंमधील अंतर लक्षात येते. स्टीव्हन्सच्या कारकिर्दीत ते अंतर फार स्पष्ट दिसते.

स्टीव्हन्सचा जन्म १७९२ साली व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. त्याचा एक पाय जन्मतःच वाकडा होता. वडील चांभारकाम करीत. पुढे ते घर सोडून निघून गेले. आईने कष्ट उपसून मुलांना शिकविले. १८१४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातून पदवी घेऊन तो पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे शिक्षक झाला आणि शिकविता शिकविता त्याने कायद्याचा अभ्यास केला. १८१६ साली त्याने गेटिसबर्ग येथे वकिली मांडली. थोड्याच वर्षांत त्याचा त्या भागातील नामांकित वकिलांमध्ये समावेश होऊ लागला.

या वकिलीतील एक खटला त्याच्या चरित्रकारांना नेहमीच अडचणीत टाकतो. पेनसिल्व्हेनियाने १७८० सालीच गुलामगिरीच्या क्रमशः निर्मूलनाचा कायदा केला होता. बाहेरच्या राज्यातील मालकाने आपल्या गुलामाला सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ तेथे ठेवल्यास तो गुलाम मुक्त होई. चॅरिटी बटलर या स्त्रीने या तरतुदीच्या आधारे स्वतःच्या आणि आपल्या मुलांच्या स्वातंत्र्याचा दावा केला. मालक शेजारच्या मेरीलँड राज्यातील होता आणि त्याचा वकील होता थॅडियस स्टीव्हन्स. चॅरिटीचे पेनसिल्व्हेनियातील वास्तव्य तुकड्यातुकड्यांनी झाले होते. कायद्याला अभिप्रेत असलेले सहा महिने सलग असले पाहिजेत, असा मालकाच्या बाजूचा युक्तिवाद होता. १८२१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. चॅरिटी आणि तिची मुले गुलामगिरीतच राहिली.

कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद निर्दोष असेलही. अशिलाने विश्वासाने सोपविलेले काम वकिलाने चोख बजावले. परंतु पुढे आयुष्यभर गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या माणसाच्या नावावर हा विजय आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. या खटल्याने त्याचे मतपरिवर्तन झाले असे काही अभ्यासक सुचवितात. आम्ही इतकेच म्हणू, की १८२१ नंतर गुलाम म्हणून पकडल्या गेलेल्यांच्या बाजूने तो अनेकदा न्यायालयात उभा राहिलेला दिसतो. शब्दाचा कीस काढण्याची तीच हत्यारे आता उलट्या दिशेने चालू लागली.

१८३३ साली स्टीव्हन्स अँटी-मेसॉनिक पक्षातर्फे राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आला. फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचा राजकारणावरील प्रभाव मोडून काढणे हे या पक्षाचे ब्रीद होते. पुढील वर्षी, १ एप्रिल १८३४ रोजी, पेनसिल्व्हेनियात सार्वजनिक शाळांचा कायदा झाला. तोवर तेथे १८०९ चा कायदा लागू होता. त्यानुसार गरिबांच्या मुलांची फी सरकार भरीत असे. पण त्यासाठी आईबापांना आपण निर्धन असल्याचे सांगून सरकारी यादीत नाव नोंदवावे लागे. शिक्षण मिळे ते दारिद्र्याचा शिक्का कपाळी मारून. पुष्कळ स्वाभिमानी आईबाप मुलांना घरी ठेवणे पसंत करीत. नव्या कायद्याने सर्वांवर कर बसवून सर्वांच्या मुलांसाठी शाळा काढण्याची सोय केली.

कायदा जवळजवळ एकमताने झाला, पण कराची बातमी गावोगाव पोहोचताच वादळ उठले. निपुत्रिक जमीनदार विचारू लागले, दुसऱ्याच्या पोरांसाठी आम्ही का भरावे? जर्मन भाषिक शेतकरी आपापल्या चर्चच्या शाळा चालवीत असत. नव्या शाळांमुळे आपली भाषा आणि आपला धर्म जाईल अशी त्यांना धास्ती वाटली. कायदा रद्द करावा या मागणीच्या अर्जांवर सुमारे ३२,००० सह्या पडल्या. कायद्याच्या बाजूने आलेल्या सह्या त्यांच्या दशांशाच्याही आत होत्या. राज्याच्या सिनेटने कायदा रद्द करण्याचा ठराव संमत केला. स्टीव्हन्सच्या स्वतःच्या मतदारसंघातही विरोधकच प्रबळ होते.

११ एप्रिल १८३५ रोजी तो प्रतिनिधिगृहात बोलावयास उभा राहिला. हे भाषण पुढे छापून प्रसिद्ध झाले, म्हणून त्याची मांडणी आज आपल्याला तपासता येते. त्याने प्रथम हिशेबाचा मुद्दा घेतला. शाळेचा कर दुसऱ्याच्या फायद्यासाठी आहे ही समजूतच त्याने खोडून काढली. ज्या कायद्यांच्या छायेत आपण सुरक्षित राहतो, ते कायदे टिकविणारा सुजाण नागरिक शाळेतून तयार होतो. तेव्हा कर भरणारा स्वतःसाठीच भरतो. ज्याला कधी तुरुंगात जावयाचे नाही तोही तुरुंगाचा कर मुकाट्याने भरतो. मग माणूस तुरुंगात जाऊ नये म्हणून मागितलेला कर त्याला का खुपावा? हा युक्तिवाद मुरलेल्या वकिलाचाच आहे. प्रतिपक्षाचे गृहीतक उचलावयाचे आणि त्याच्याच हातून त्याचा पराभव करावयाचा.

त्यानंतर मात्र स्वर बदलतो. सिनेटच्या ठरावाने पुन्हा गरिबांपुरतीच शिक्षणाची सोय ठेवली होती. गरीब आणि श्रीमंत ओळखू यावेत म्हणून गरिबांना डागण्या देणारा कायदा, असे त्या ठरावाचे वर्णन स्टीव्हन्सने केले. येथे त्याने वादाचे केंद्रच हलविले. प्रश्न किती पैसे द्यावयाचे हा राहिला नाही. ते दान म्हणून द्यावयाचे की हक्क म्हणून, हा झाला. गव्हर्नर जॉर्ज वुल्फ त्याच्या विरोधी पक्षाचे होते. त्यांच्या राजकीय पापांचा उल्लेख करूनही या एका कायद्यासाठी जनतेने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे, असे तो म्हणाला. डोंगरातील सर्वांत हलक्या झोपडीतल्या सर्वांत गरीब मुलापर्यंत शिक्षण पोहोचावे, ही त्याची मागणी होती. त्या मुलाने त्याला वकीलपत्र दिले नव्हते, फी दिली नव्हती, आणि त्याला मतही नव्हते. ज्यांना मत होते ते बहुतेक दुसऱ्या बाजूला होते. प्रतिनिधिगृहाने कायदा रद्द करण्यास नकार दिला, सिनेटलाही माघार घ्यावी लागली, आणि १८३६ मध्ये सुधारित कायद्याने ही व्यवस्था पक्की झाली.

या यशावरून स्टीव्हन्सची मूर्ती उभी करण्याचा मोह आवरला पाहिजे. आपल्या लोखंडाच्या कारखान्याला सोयीचा असा वेडावाकडा रेल्वेमार्ग सरकारी पैशाने बांधवून घेण्याचा त्याने प्रयत्न केला. विरोधकांनी त्याला ‘टेपवर्म’, म्हणजे आतड्यातील पट्टकृमी, असे नाव ठेवले. डिसेंबर १८३८ मध्ये निवडणुकीच्या निकालावरून हॅरिसबर्ग येथे दंगलसदृश स्थिती उद्भवली, तेव्हा त्याच्या पक्षाची बाजूही स्वच्छ नव्हती. जमावापासून बचावण्यासाठी त्याला सभागृहाच्या इमारतीतील खिडकीतून उडी मारावी लागली. परंतु त्याच सुमारास भरलेल्या राज्याच्या घटनापरिषदेने मताधिकार गोऱ्या पुरुषांपुरता मर्यादित केला, तेव्हा त्याने त्या घटनेवर सही करण्याचे नाकारले, हेही नोंदविले पाहिजे.

शाळांच्या कायद्यालाही मर्यादा होत्याच. १८५४ च्या कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा काढण्याची तरतूद केली आणि ती १८८१ पर्यंत कायम राहिली. ‘सर्वांच्या मुलांसाठी’ या शब्दांचा अर्थ पूर्णपणे अंमलात आला नव्हता. ११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्सचे निधन झाले. लँकेस्टर गावातील इतर दफनभूमी वर्णभेद पाळीत, म्हणून तो न पाळणारी लहानशी दफनभूमी त्याने स्वतःसाठी निवडली होती.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. स्टीव्हन्सचे नाव त्यात नाही, पण तो त्याच लोकांपैकी होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनीही शिक्षणाच्या कराचाच हिशेब मांडला. मात्र त्यांचा हिशेब उलट दिशेने जातो. पेनसिल्व्हेनियात धनवान तक्रार करीत होते, की आमच्या पैशाने दुसऱ्यांची मुले शिकतात. फुल्यांनी दाखविले, की येथे महसूल भरतो शेतकरी आणि त्यातून शिकतात वरच्या वर्गांची मुले. एकाला करदात्यांची समजूत घालावयाची होती, तर दुसऱ्याला खरा करदाता कोण हेच प्रथम सिद्ध करावयाचे होते. दोघांचे निष्कर्ष मात्र जवळ येतात : प्राथमिक शिक्षण ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

वक्तृत्वाचा अभ्यास करताना आपण बहुधा अलंकार, आवाहन आणि शैली येथेच थांबतो. आमची सूचना अशी, की विद्यार्थ्यांनी १८३५ चे ते भाषण आणि १८८२ चे हे निवेदन शेजारी ठेवून वाचावे आणि प्रत्येक परिच्छेदापाशी एकच प्रश्न विचारावा : हे गद्य कोणाच्या वतीने बोलते आहे, आणि ज्याच्या वतीने बोलते आहे तो सभागृहात हजर आहे काय?