राजाबाईच्या घड्याळाची गोष्ट

मुंबईला पाहुणा आला, की राणीची बाग, चौपाटी आणि गेट वे ऑफ इंडिया ही त्याची यादी ठरलेली असते. मी तीत आणखी एक भर घालतो. ओव्हल मैदानाच्या हिरवळीवर उभे राहून समोरचा राजाबाई टॉवर पाहायचा. याला तिकीट पडत नाही, आणि मुलांना सांगायला गोष्ट मात्र भरपूर मिळते.

गोष्टीची सुरुवात होते कापसापासून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मग आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. जो तो शेअरांच्या मागे धावू लागला. या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद, सुरतेकडचे जैन व्यापारी. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा.

पुढच्याच वर्षी युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि शेअरांची रद्दी झाली. कित्येक घरे बुडाली. खुद्द प्रेमचंदही त्यातून सुटले नाहीत. पण दान देऊन झाले होते! १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. त्या काळी शहरात याहून उंच इमारत नव्हती. आराखडा होता सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. गंमत अशी, की या गृहस्थांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही टाकले नव्हते. मनोऱ्यावर मात्र पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे कोरलेले आहेत. मान वर करून ते शोधण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो.

आता या शहरातल्या वेळेविषयी. घड्याळ लागले खरे, पण त्यात वेळ कोणाची दाखवायची? मुंबईचा सूर्य मद्रासच्या सूर्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादली. लोकांनी ती मनावर घेतली नाही, आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १९०६ पासून देशभर 'स्टँडर्ड टाइम' आला. तो मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे! मुंबईकरांनी पुन्हा सभा भरवल्या, निषेध केला. पुढे कितीतरी वर्षे शहरात दोन वेळा सुखाने नांदल्या, आणि १९५५ साली 'मुंबई टाइम'ने अखेरचा निरोप घेतला. जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरे दिसतात, ती याच भांडणाची खूण. कोणाला हा हट्टीपणा वाटेल. मला तो स्वाभिमान वाटतो. आपला सूर्य डोक्यावर केव्हा येतो हे दुसऱ्याने का सांगावे?

मनोऱ्यावर चढून जाण्याची मोकळीक मात्र आता सर्वसामान्यांना नाही. वरून जीव देण्याचे प्रकार घडले आणि तो जिना बंद झाला. अलीकडे, २०१५ पर्यंत, इमारतीची नीट डागडुजी झाली, आणि २०१८ साली ओव्हलभोवतीच्या या साऱ्या परिसराला जागतिक वारशाचा मान मिळाला.

तेव्हा या सुट्टीत मुलाबाळांना घेऊन अवश्य जा, तेही संध्याकाळी. मनोऱ्याचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे मावळतीचे ऊन थेट त्याच्या पिवळसर दगडावर पडते. त्या वेळी मुलांना एक आख्यायिका सांगा. राजाबाईंना दिसत नसे, आणि जैन धर्माप्रमाणे त्या सूर्यास्तापूर्वी जेवत. वेळ कोणाला विचारावी न लागता कळावी, म्हणून लेकाने हा टोल बांधला, असे म्हणतात. खरेखोटे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. मुले पुढच्या टोलाची वाट पाहत गप्प उभी राहतात, एवढे मी पाहिले आहे.