डोळ्यांपासून लपवलेलं, कानांनाही न मिळालेलं

बंगळुरूत आमच्या शेजारी एक निवृत्त सुभेदार राहतात. दृष्टी गेली, तरी संगणक स्वतःच चालवतात. स्क्रीन रीडर हा प्रोग्राम पान वाचतो, ते ऐकतात. परवा एका अर्जात अर्धा तास माहिती भरल्यावर एक बटण बोललं, "अर्जरद्दकरा". घाईतले ते शब्द त्यांना उमगले नाहीत. बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं.

मी पडद्यावर पाहिलं, तर तिथे फक्त एक फुली. म्हणालो, "सुभेदारसाहेब, इथे तर सगळं ठीक दिसतंय." ते म्हणाले, "सर, दिसतंय तुम्हाला."

या चुकीला इतिहास आहे. पानाची मांडणी ठरवणारं सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण झालं. त्यात मजकूर न दाखवण्याचा एक हुकूम होता, 'डिस्प्ले नन'. पुढे लोक मथळ्याच्या जागी देखणं चित्र लावू लागले आणि अंधांसाठी ठेवलेला खरा मजकूर याच हुकमाने लपवू लागले. २००३ मध्ये जो क्लार्क यांनी तपासून दाखवलं की बहुतेक स्क्रीन रीडरही तो मजकूर गाळतात. ज्यांच्यासाठी ठेवला, त्यांनाच तो मिळत नव्हता.

मग मजकूर पडद्याबाहेर हजारो पिक्सेल डावीकडे ढकलला गेला. नंतर तो एका पिक्सेलच्या चौकटीत कोंबला. एवढ्याशा जागेत प्रत्येक शब्द नव्या ओळीवर जातो आणि काही स्क्रीन रीडर मधली मोकळी जागा गिळून शब्द जोडून वाचतात. उपाय एका ओळीचा आहे: शब्द खालच्या ओळीवर जाऊ न देणं. पण पडद्याकडे नुसतं पाहून ही चूक सापडत नाही.

पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पीएचडीसाठी त्यांनी गणित बोलून दाखवणारी 'अ‍ॅस्टर' प्रणाली बनवली. ती समीकरणाचं चित्र वाचत नव्हती, त्याची रचना समजून बोलत होती. ऐकणाऱ्याचा विचार तिथे सुरुवातीपासून होता. आपल्याकडे तो शेवटी, ठिगळासारखा येतो.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणून वेबसाइट बनवणाऱ्या आपल्या मुलांना एवढंच सांगा: काम संपलं की पडदा बंद करा, स्क्रीन रीडर लावा आणि आपलाच अर्ज एकदा कानांनी भरून पाहा.

जय हिंद.