आजारी गिरण्यांचे वैद्य

सोलापुरात माझ्या लहानपणी घरात घड्याळ नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं अडतही नव्हतं. पाळी भरायची आणि सुटायची ती गिरण्यांच्या भोंग्यांवर. माझे आजोबा एका गिरणीत साचे खात्यात होते. कोणता भोंगा कोणत्या गिरणीचा, हे ते डोळे मिटून सांगत. एकदा ते म्हणाले, ‘एकोणपन्नास साली गावातला एक भोंगा वाजायचा थांबला. गिरणीसुद्धा मरू शकते, हे लोकांना तेव्हा कळलं.’

तो भोंगा जुन्या गिरणीचा होता. कागदोपत्री नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी. एकोणिसाव्या शतकात मुरारजी गोकुळदासांनी उभी केलेली ही गिरणी २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद पडली. हजारो कामगार रस्त्यावर आले. देशात कापडाची टंचाई होती. दिल्लीत पंडित नेहरूंचं सरकार होतं. या सरकारने १९४८ च्या औद्योगिक धोरणात बरेचसे उद्योग खासगी हातांतच राहतील, असं सांगितलं होतं. त्याच सरकारने जानेवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताकाला अवघे काही दिवस उरले असताना, एकट्या या गिरणीसाठी वटहुकूम काढला. संचालकांना बाजूला करून कारभार सरकारी माणसांकडे दिला.

कंपनीचा एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या गिरण्या असताना कायदा आमच्याच गिरणीला का, असं त्याचं म्हणणं. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने बहुमताने त्याची मागणी फेटाळली. पुढे सरकारी कारभाऱ्यांनी भागधारकांकडे आणखी पैसे मागितले, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास नावाचे दुसरे भागधारक लढले. डिसेंबर १९५३ मध्ये निकाल सरकारच्या विरोधात गेला. भरपाई न देता मालमत्ता घेता येणार नाही, असा त्याचा मतितार्थ. त्यानंतर १९५५ साली घटनेची चौथी दुरुस्ती झाली. तिच्यामागच्या कारणांत आमच्या गावच्या या खटल्याचाही वाटा आहे. बुडती कंपनी सरकारने वाचवावी की नाही, हा वाद स्वतंत्र भारतात इतका जुना आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या सोलापुरात झाली.

मी अर्थशास्त्राचा माणूस नव्हे. बी.ए. झालो, कविता लिहितो. त्यामुळे माझं लक्ष आकड्यांपेक्षा शब्दांकडे जातं. या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत गिरण्यांबद्दल पुढाऱ्यांचे शब्द कसे बदलत गेले, तेवढंच आज सांगायचं आहे.

पहिला शब्द ‘आजारी’. तोट्यातल्या गिरणीला ‘आजारी’ म्हटलं की मालकाची चूक झाकली जाते; आजार काय, कोणालाही होतो! आणि आजारी माणसाला वैद्य हवाच. १९६८ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, म्हणजे एनटीसी, स्थापन झालं. १९७४ साली इंदिरा गांधींच्या सरकारने देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. तेव्हाचा शब्द ‘समाजवाद’ होता. मालकांनी यंत्रं झिजवली, नफा दुसरीकडे नेला आणि सांगाडा सरकारच्या गळ्यात मारला, ही टीका तेव्हाही झाली. पण कामगाराचा पगार चालू राहिला, हेही खरं.

मग १९७७ आलं. जनता पक्षाचं सरकार आलं आणि जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे, महापालिका कामगारांचे नेते. १९७४ चा रेल्वे संप त्यांनीच लढवला होता. आता आजारी गिरण्यांना चांगले दिवस येणार, असं कोणालाही वाटलं असतं. पण त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला संसदेत मांडलेल्या औद्योगिक धोरणात वेगळाच सूर होता. ताब्यात घेतलेल्या आजारी उद्योगांत सरकारने भरपूर पैसा ओतला, तरी ते तोट्यातच आहेत आणि हे असं अनंतकाळ चालणार नाही, असा तो सूर. रस्त्यावरच्या नेत्याला खुर्चीवरून तिजोरीचा तळ दिसला होता. मी यासाठी त्यांना दोष देत नाही. पुढे २००२ साली वाजपेयींच्या मंत्रिमंडळात असताना याच फर्नांडिसांनी सरकारी तेल कंपन्या विकायला विरोध केला, हेही लक्षात ठेवायला हवं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. नेते डॉ. दत्ता सामंत, कामगार सुमारे अडीच लाख. माझे चाचा त्यांतले एक. ते सोलापूर सोडून मुंबईत साचेवाले झाले होते, मदनपुऱ्यात एका खोलीत सात जणांसोबत राहत होते. संप वर्ष ओलांडून गेला. इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्या होत्या. त्यांच्या सरकारने संपापुढे नमतं घेतलं नाही. आणि त्याच सरकारने १८ ऑक्टोबर १९८३ ला मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार हाती घेतला. टाटा, फिन्ले, पोदार, कोहिनूर, सीताराम, मधुसूदन अशी त्यांतली नावं. गंमत म्हणजे त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं होतं की गैरकारभारामुळे या गिरण्यांची आर्थिक स्थिती संप सुरू होण्याआधीच बिघडलेली होती. संपाने गिरण्या बुडाल्या, असं आजही सर्रास बोललं जातं. सरकारचा कायदा मात्र वेगळं सांगतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तेरा वर्षांचा, मुंबईला चाचांकडे गेलो होतो. त्यांची गिरणी त्या तेरांतली. घरी पाव किलो मिठाई आली होती. आम्ही घरात दख्खनी बोलतो. चाचा म्हणाले, ‘गिरनी सरकार की हो गई, बेटा. सरकार कब्बी मरती क्या?’ ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्या माणसाने पुढची वीस वर्षं त्या एका वाक्याच्या भरवशावर काढली.

आणि सरकारचं मत बदलायला वीस महिने लागले. जून १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने नवं वस्त्रोद्योग धोरण आणलं. आजारी गिरण्या ताब्यात घेणं हा आजारावरचा उपाय नाही, सरकार शक्यतो त्यात पडणार नाही. ज्या गिरण्या सावरणार नाहीत त्या बंद होऊ द्याव्यात, असं त्यात होतं. पक्ष तोच, झेंडा तोच. त्याच वर्षी आजारी कंपन्यांसाठी कायदा झाला आणि पुढे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ कामाला लागलं. इंग्रजी आद्याक्षरांनी ‘बीआयएफआर’. साचलेला तोटा कंपनीच्या नक्त मालमत्तेइतका झाला की ती आजारी, अशी आजाराचीही मोजणी ठरली. १९९१ नंतर सरकारी कंपन्याही या मंडळापुढे येऊ लागल्या. वीस वर्षांपूर्वी वैद्य म्हणून आलेली एनटीसी आता स्वतःच रुग्णांच्या रांगेत बसली.

१९९१ पासून उदारीकरणाचे वारे. नरसिंह राव आणि मनमोहन सिंग म्हणत होते, सरकारने धंद्यातून बाहेर पडलं पाहिजे. याच सरकारने १९९५ साली मुंबईच्या त्या गिरण्यांचं पूर्ण राष्ट्रीयीकरण केलं! १९८३ साली फक्त कारभार घेतला होता, मालकी जुन्यांचीच होती. सरकारने त्यात इतका पैसा घातला होता की आता मालकी घेणं भाग होतं. कायद्यात स्वस्त कापडाचा उल्लेख होता. पण तोवर मुंबईतल्या गिरणीची खरी किंमत साच्यात राहिली नव्हती, ती साच्याखालच्या जमिनीत गेली होती. गिरण्या सावरायच्या तर जमीन विकून पैसा उभा करायचा, हा विचार मूळ धरू लागला होता.

जमिनीची गोष्ट राज्य सरकारच्या हातात. १९९१ साली, काँग्रेसच्या राजवटीत, विकास नियंत्रण नियमावलीचा ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, उरलेली मालकाला. युतीच्या काळात १९९६ साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एनटीसीच्या जमिनींचा एकत्र आराखडा दिला. तो अमलात आला नाही. २००१ साली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने तोच ५८ वा नियम बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. उच्च न्यायालयाने २००५ साली जनतेच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला.

दरम्यान २००५ साली एनटीसीने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. दादरची कोहिनूर क्रमांक ३ ची जमीन ४२१ कोटींना गेली, मुंबई टेक्स्टाइल मिलची ७०२ कोटींना. तोपर्यंत चाचा ‘स्वेच्छानिवृत्ती’ घेऊन सोलापुरात परतले होते. गिरणीत शेवटची काही वर्षं कापूसच येत नसे. हजेरी लावायची, साच्याला टेकून बसायचं, सुटायचं. अशा माणसापुढे कागद ठेवला आणि त्याने सही केली. यातली इच्छा कोणाची, हे मला अजून उमगलेलं नाही. आलेले पैसे मुलीच्या लग्नात आणि चाचींच्या औषधांत गेले. ज्याने चार साचे सांभाळले तो माणूस साठीला टेकल्यावर चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायला बसला.

मी त्यांना जमीनविक्रीची बातमी वाचून दाखवली. आकडे ऐकून ते गप्प राहिले. मग विचारलं, ‘इसमें साचे कितने लिखे?’ मी पुन्हा वाचलं. एकर होते, कोटी होते. साचे कुठेच नव्हते.

हा काही फक्त आपल्याच पुढाऱ्यांचा स्वभाव नाही. अमेरिकेत २९ सप्टेंबर २००८ ला बुडत्या बँकांसाठीचं ७०० अब्ज डॉलरचं विधेयक प्रतिनिधीगृहाने २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळलं. त्या दिवशी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. चारच दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, त्याच सभागृहात सुधारित विधेयक २६३ विरुद्ध १७१ ने मंजूर झालं. आयुष्यभर मुक्त बाजाराचा जप करणारे अध्यक्ष बुश डिसेंबरात मोटार कंपन्यांना १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज देऊन मोकळे झाले.

आणि आपल्याकडे एअर इंडिया आहेच. १९५३ साली टाटांकडून सरकारने घेतली. २०१२ साली मनमोहन सिंग सरकारने तिला सावरण्यासाठी अनेक वर्षांत मिळून सुमारे ३० हजार कोटी द्यायचं ठरवलं. २०२१ साली मोदी सरकारने १८ हजार कोटींच्या बोलीवर ती पुन्हा टाटांना विकली, आणि त्यातले १५,३०० कोटी म्हणजे कर्जाचा भार उचलणं होतं. शब्दही बदलले. २०१६ साली बीआयएफआर गुंडाळलं गेलं आणि दिवाळखोरीचा नवा कायदा आला. ‘आजारी’ कंपनी आता ‘दिवाळखोर’ झाली. आजाऱ्याची विचारपूस तरी होते, दिवाळखोराच्या दारात फक्त वसुलीवाले येतात.

मग पुढाऱ्यांनी मत कधी बदलूच नये काय? असं मी म्हणणार नाही. औषध लागू पडलं नाही तर वैद्यही ते बदलतो. पण चांगला वैद्य घरच्यांना बाहेर बोलावून सांगतो की बाबांनो, कालचं औषध चुकलं. आपल्याकडे ते कोणी सांगितलं नाही. १९८३ साली चाचांना सांगितलं गेलं की तुमची गिरणी वाचवली. १९८५ साली धोरण फिरलं, ते त्यांना सांगायला कोणी आलं नाही. ते पाळीवर जात राहिले. त्या दिवसांत सांगितलं असतं तर चाळिशीच्या माणसाला दुसरं काही करता आलं असतं.

दुसरं असं की ‘वाचवलं’ हा शब्द प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीसाठी वापरला गेला. १९५० साली कापड आणि रोजगार वाचवला. १९७४ साली पगार वाचवले, पण त्याबरोबर मालकांनाही कर्जातून सोडवलं. १९८३ साली शहरातला असंतोष थोपवला. १९९५ साली सरकारने आपला गुंतलेला पैसा वाचवला. २००५ साली वाचली ती जमीन. मार्च २०२० च्या टाळेबंदीत एनटीसीच्या उरल्यासुरल्या गिरण्यांची चाकंही थांबली, तेव्हा त्यावर भांडायलाही फारसं कोणी उरलं नव्हतं.

चाचा आता नाहीत. सोलापुरात पहाटे मला अजून जाग येते, ती अजानने. भोंग्याची सवय मोडायला बरीच वर्षं लागली. उद्या पुन्हा एखादी बँक, एखादी विमान कंपनी, एखादा कारखाना बुडायला लागेल. एक पुढारी म्हणेल वाचवा, दुसरा म्हणेल बुडू द्या, आणि निवडणुकीनंतर दोघांचीही वाक्यं अदलाबदल झालेली असतील. तेव्हा त्यांच्या तत्त्वांची उलटतपासणी करत बसण्यापेक्षा आपण चाचांसारखं साधं काहीतरी विचारावं. वाचवायचं म्हणता, ते नेमकं काय? माणसं, मालक, की जागा? पैसा कोणाचा? आणि उद्या तुमचं मत बदललं, तर पाळीवर निघालेल्या माणसाला ते कोण सांगणार?