प्रोटॉनचा क्षय

प्रोटॉनचा क्षय ही कण भौतिकीतील एक सैद्धांतिक संकल्पना आहे. अणुकेंद्रातील प्रोटॉन हा कण चिरस्थायी नसून अतिदीर्घ काळाने तो आपल्याहून हलक्या कणांमध्ये रूपांतरित होऊ शकतो, असे ही संकल्पना सांगते. असा क्षय आजवर एकदाही निर्विवादपणे आढळलेला नाही. तरीही मूलकणांची वस्तुमाने व स्थैर्य यांचा उलगडा करू पाहणाऱ्या सिद्धांतांची ती एक प्रमुख कसोटी मानली जाते.

पार्श्वभूमी

जड कण हलक्या कणांमध्ये मोडतो, हा मूलकणांच्या जगातील सर्वसाधारण नियम आहे. मुक्त न्यूट्रॉन सरासरी सुमारे ८८० सेकंद टिकतो, तर म्यूऑन सुमारे २.२ दशलक्षांश सेकंदात नाहीसा होतो. इलेक्ट्रॉन मात्र स्थिर आहे, कारण विद्युत् भार असलेला त्याहून हलका कण ज्ञात नाही. प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट आहे आणि त्याहून हलके अनेक कण उपलब्ध आहेत. ऊर्जा व विद्युत् भार यांच्या अक्षय्यतेचे नियम न मोडता प्रोटॉनचे पॉझिट्रॉन व उदासीन पायॉन यांत रूपांतर होऊ शकते. मग ते होत का नाही, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे रूढ उत्तर म्हणजे बॅरिऑन संख्येच्या अक्षय्यतेचा नियम. प्रोटॉन, न्यूट्रॉन व त्यांच्या वर्गातील इतर जड कण यांची एकूण संख्या, प्रतिकण वजा करता, बदलत नाही असे हा नियम सांगतो. प्रोटॉन हा या वर्गातील सर्वांत हलका कण असल्याने त्याला मोडण्यास वाव राहत नाही. मात्र विद्युत् भाराच्या अक्षय्यतेमागे जसे विद्युत् चुंबकीय बल उभे आहे, तसे कोणतेही दीर्घ पल्ल्याचे बल बॅरिऑन संख्येमागे आढळत नाही. त्यामुळे हा नियम मूलभूत आहे की केवळ आजवरच्या अनुभवाचे सार, याविषयी शंका होती.

मॉरिस गोल्डहाबर यांनी या संदर्भात एक सोपा युक्तिवाद मांडला. प्रोटॉनचे सरासरी आयुष्य सुमारे १०^१६ वर्षांपेक्षा (म्हणजे एकावर १६ शून्ये) कमी असते, तर शरीरातील प्रोटॉनच्या क्षयातून निघणाऱ्या किरणांमुळेच माणूस जगू शकला नसता. १९५४ मध्ये फ्रेडरिक राइन्स, क्लाइड कॉवन व गोल्डहाबर यांनी या क्षयाचा पहिला प्रायोगिक शोध घेतला. १९६७ मध्ये आंद्रेई साखारोव्ह यांनी प्रश्नाला नवे महत्त्व मिळवून दिले. विश्वात पदार्थ विपुल व प्रतिपदार्थ नगण्य का, याचे उत्तर मिळण्यासाठी बॅरिऑन संख्येचा नियम कधीतरी मोडलेला असणे आवश्यक आहे, असे त्यांनी दाखवले.

महाएकीकरण सिद्धांत

जोगेश पती व अब्दुस सलाम यांनी १९७३-७४ मध्ये क्वार्क आणि लेप्टॉन ही एकाच कुटुंबातील कणांची रूपे आहेत, असा विचार मांडला व प्रोटॉन अस्थिर असण्याची शक्यता व्यक्त केली. १९७४ मध्ये हॉवर्ड जॉर्जाय व शेल्डन ग्लॅशो यांनी एसयू(५) या सममितीवर आधारलेला सिद्धांत प्रसिद्ध केला. प्रबल, दुर्बल व विद्युत् चुंबकीय या तिन्ही परस्परक्रिया अत्युच्च ऊर्जेला एकरूप होतात, असे त्यात गृहीत धरले होते. प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांचे विद्युत् भार परिमाणाने नेमके समान का, याचेही उत्तर त्यातून मिळत होते.

या सिद्धांतात एक्स व वाय नावाचे अतिजड कण क्वार्कचे लेप्टॉनमध्ये रूपांतर घडवतात. प्रोटॉनचे आयुष्य त्यांच्या वस्तुमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते; म्हणजे वस्तुमान दहापट मानल्यास आयुष्य दहा हजारपट होते. एक्स कणाचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १०^१५ पट धरल्यास प्रोटॉनचे आयुष्य साधारणपणे १०^२९ ते १०^३१ वर्षे येत होते. विश्वाचे वय सुमारे १.३८ × १०^१० वर्षे आहे, हे लक्षात घेता हा काळ कल्पनेपलीकडचा असला, तरी मोजता येण्याजोगा होता.

वस्तुमानांची कसोटी

कणांच्या वस्तुमानांविषयीही एसयू(५) सिद्धांत ठोस विधाने करतो. त्याच्या सर्वांत साध्या रूपात बॉटम क्वार्क व टाऊ लेप्टॉन यांची वस्तुमाने अत्युच्च ऊर्जेला समान असतात. प्रबल परस्परक्रियेच्या परिणामामुळे कमी ऊर्जेला बॉटम क्वार्क जड होतो, आणि हे भाकीत निरीक्षणांशी स्थूलमानाने जुळते. मात्र हाच नियम हलक्या कणांना लावल्यास स्ट्रेंज व डाऊन क्वार्कच्या वस्तुमानांचे गुणोत्तर म्यूऑन व इलेक्ट्रॉन यांच्या गुणोत्तराइतके, म्हणजे सुमारे २०७ यायला हवे; प्रत्यक्षात ते सुमारे २० आहे. १९७९ मध्ये जॉर्जाय व सेसिलिया यार्ल्सकोग यांनी सिद्धांतात भर घालून ही विसंगती कमी करण्याचा मार्ग सुचवला.

शोधाची पद्धत

क्षय ही संभाव्यतेवर चालणारी घटना असल्याने एकाच प्रोटॉनची वाट पाहण्याऐवजी असंख्य प्रोटॉनवर एकाच वेळी लक्ष ठेवता येते. १००० टन पाण्यात सुमारे ३.३ × १०^३२ प्रोटॉन असतात. त्यांचे आयुष्य १०^३१ वर्षे असेल, तर वर्षाकाठी सुमारे ३३ क्षय घडतील. विश्वकिरणांचा अडथळा टाळण्यासाठी असे प्रयोग खोल खाणींत केले जातात. वातावरणातून येणारे न्यूट्रिनो मात्र खडकालाही भेदून जातात व त्यांच्या टकरी कधीकधी प्रोटॉनच्या क्षयासारख्याच भासतात.

कोलार येथील प्रयोग

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत विश्वकिरणांचे दीर्घकाळ संशोधन केले होते. १९६५ मध्ये तेथे वातावरणीय न्यूट्रिनोंची नोंद झाली होती. जपानी संशोधकांच्या सहकार्याने १९८० च्या सुमारास याच खाणीत, सुमारे २३०० मीटर खोलीवर, प्रोटॉनच्या क्षयाचा शोध सुरू झाला. लोखंडी पत्रे व त्यांच्यामधील वायूने भरलेल्या गणकनलिका यांचे हे उपकरण सुमारे १४० टन वजनाचे होते. या विषयाला वाहिलेला हा आरंभीचा मोठा प्रयोग होय. क्षयाच्या असू शकतील अशा काही घटना संशोधकांनी १९८१ पासून प्रसिद्ध केल्या व त्यांनी जगाचे लक्ष वेधले. त्या न्यूट्रिनोंच्या टकरी असाव्यात की खरे क्षय, यावर चर्चा झाली. त्यानंतरच्या मोठ्या प्रयोगांत मात्र त्या प्रमाणात क्षय आढळले नाहीत.

जलाधारित प्रयोग

अमेरिकेतील ओहायो राज्यात एका मिठाच्या खाणीत आयएमबी हा प्रयोग १९८२ मध्ये, तर जपानमधील कामिओका येथील खाणीत कामिओकांडे हा प्रयोग १९८३ मध्ये सुरू झाला. हजारो टन शुद्ध पाण्यात वेगवान कणांमुळे उमटणारा चेरेन्कॉव्ह प्रकाश त्यांत टिपला जाई. आयएमबीच्या पहिल्याच निष्कर्षांनी एसयू(५) च्या साध्या रूपाला अडचणीत आणले. अपेक्षित क्षय दिसलेच नाहीत.

हे प्रयोग अन्य दृष्टीने मात्र फलदायी ठरले. फेब्रुवारी १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्यापासून आलेले न्यूट्रिनो या दोन्ही ठिकाणी टिपले गेले. पुढे ५०,००० टन पाण्याच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये न्यूट्रिनोंच्या दोलनाचा पुरावा दिला व त्यांना वस्तुमान असल्याचे सिद्ध झाले. या कार्यासाठी मासातोशी कोशिबा (२००२) व ताकाआकी काजिता (२०१५) हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

सिद्धांतांविषयी मतभेद

साधा एसयू(५) सिद्धांत मागे पडला, तरी महाएकीकरणाची कल्पना टिकून राहिली. १९९० च्या दशकारंभी सर्न येथील अचूक मापनांवरून असे दिसले, की तिन्ही परस्परक्रियांची बले साध्या सिद्धांतात एका बिंदूपाशी मिळत नाहीत. अतिसममिती गृहीत धरल्यास मात्र ती बऱ्याच अंशी मिळतात. एकीकरणाची ऊर्जा वाढल्याने पॉझिट्रॉन व पायॉन यांत होणारा क्षय आणखी दुर्मीळ ठरतो व केऑन आणि प्रतिन्यूट्रिनो यांत होणारा क्षय महत्त्वाचा बनतो. एसओ(१०) या व्यापक सममितीत न्यूट्रिनोंच्या अत्यल्प वस्तुमानाचाही उलगडा होऊ शकतो. अतिसममितीने सांगितलेले नवे कण मात्र अद्याप सापडलेले नाहीत.

प्रत्येक अपयशानंतर प्रोटॉनचे आयुष्य वाढवून घेता येत असेल, तर अशा सिद्धांतांची कसोटी कशी लागणार, असा आक्षेप टीकाकार घेतात. विशिष्ट रूपे निश्चितपणे बाद झाली आहेत व भाररचनेसारख्या गोष्टींचे स्पष्टीकरण अन्यत्र सहज मिळत नाही, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

सद्यःस्थिती

सुपर-कामिओकांडेच्या २०२० मधील विश्लेषणानुसार पॉझिट्रॉन व पायॉन यांच्यात होणाऱ्या क्षयासाठी प्रोटॉनचे आयुष्य २.४ × १०^३४ वर्षांहून अधिक आहे. जपानमधील हायपर-कामिओकांडे, अमेरिकेतील ड्यून व चीनमधील जुनो हे प्रकल्प हा शोध पुढे नेणार आहेत. क्षयाची एखादी निःसंदिग्ध घटना आढळली, तर बॅरिऑन संख्येचा नियम अंतिम नाही हे सिद्ध होईल; न आढळल्यास आणखी काही सिद्धांत बाद ठरतील. प्रोटॉन अमर असल्याचे मात्र कोणत्याही प्रयोगाने सिद्ध करता येणार नाही. त्याच्या आयुष्याची किमान मर्यादा तेवढी वाढवत नेता येईल.