घडीतला पत्ता



आपल्या मज्जारज्जूतून निघून थेट पावलापर्यंत पोहोचणाऱ्या काही मज्जापेशी असतात. पेशीचा देह इतका लहान की नुसत्या डोळ्यांना दिसू नये. पण तिच्या तंतूची लांबी सुमारे एक मीटर! पेशीच्या मानाने ही काशीयात्राच म्हणावयाची. पेशीकेंद्रात जपलेला हुकूम तिच्या दूरदूरच्या शाखांपैकी नेमक्या ठिकाणी कसा पोहोचतो, या एका प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ होतो म्यूनिक येथे. १८८४ च्या सुमारास फ्रान्झ निस्ल या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मेंदूच्या पेशी रंगवण्याची एक नवी रीत शोधून काढली. त्या रंगात मज्जापेशीच्या देहात गडद कणांचे पुंजके दिसू लागले. निस्ल पुढे वेड्यांच्या इस्पितळात वैद्य झाला. मनोविकारांचे मूळ पेशीत सापडेल, अशी त्याची श्रद्धा होती. ते कण कशाचे, हे मात्र पुढे अनेक दशके उलगडले नाही. १९४० च्या आसपास स्वीडनमध्ये कास्परसन आणि बेल्जममध्ये ब्राशे यांनी दाखवून दिले की, ज्या पेशी भरपूर प्रथिने घडवतात त्यांच्यात आर. एन. ए. हे द्रव्य विपुल असते. निस्लच्या कणांचे रहस्य तेच होते. प्रथिनांचा कारखाना पेशीच्या देहात आहे आणि तयार माल तेथून शाखांकडे रवाना होतो, असे चित्र मग रूढ झाले.

या चित्राला १९८२ मध्ये धक्का बसला. स्टुअर्ड आणि लेव्ही या अमेरिकन संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मज्जापेशींच्या शाखांवर, जेथे दुसऱ्या पेशीची गाठ पडते त्या बारीक काट्यांच्या बुडाशी, प्रथिने घडवणाऱ्या यंत्रांचे झुबके आढळले. म्हणजे मालाबरोबर हुकूमनामाही शाखांपर्यंत जात होता! १९८८ मध्ये असा एक संदेश प्रत्यक्ष शाखांत सापडलाही. पण हजारो संदेशांतून थोडकेच तेथे जातात. त्यांची निवड कोण करतो?

येथे आर. एन. ए. चे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. तो चार अक्षरांच्या माळेचा एक धागा आहे. त्यातील ठरावीक अक्षरे परस्परांशी जुळतात. त्यामुळे धागा स्वतःवरच दुमडतो. कोठे दुपदरी दांडा होतो, कोठे वेटोळे उरते. आपले आंतर्देशीय पत्र आठवा. मजकूर आत राहतो आणि घडी नीट पडली तरच पत्ता वर येतो. घडी चुकली, तर पोस्टमन तरी काय करणार?

ही उपमा केवळ शोभेची नाही, हे एका फळमाशीने सिद्ध केले. तिच्या अंड्यात डोक्याचे स्थान ठरवणारा एक संदेश एका टोकाला धरून ठेवलेला असतो, आणि त्यासाठी ‘स्टाउफेन’ नावाचे प्रथिन लागते. १९९४ मध्ये फेरांदों, न्युसलाइन-फोलहार्ड आदी संशोधकांनी त्या संदेशाचा शेवटचा भाग भ्रूणात टोचला, तेव्हा हे प्रथिन त्याच्याभोवती गोळा होऊन फिरते कण तयार झाले. हे प्रथिन दुपदरी दांडा ओळखून बसते. १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली : दोन संदेशांची वेटोळी एकमेकांत अडकली तरच कण बांधला जातो. १९९९ मध्ये याच प्रथिनाचे भाऊबंद सस्तन प्राण्यांच्या मज्जापेशींच्या शाखांत आढळले. माशीची टपालव्यवस्था मेंदूतही होती.

या कणांना पिशवी वा पडदा नसतो, मग ते एकत्र राहतात कसे? २००९ मध्ये जर्मनीत एका सूक्ष्म कृमीवर काम करताना उत्तराचा धागा सापडला : पेशीतील असे कण पाण्यावरील तेलाच्या थेंबांसारखे वागतात, वाहतात, परस्परांत मिसळतात. पुढे २०१८ मध्ये एका बुरशीत दिसले की, कोणता संदेश कोणत्या थेंबात शिरणार हेही त्याची घडी ठरवते. घडी उलगडताच तो संदेश परक्या थेंबात जाऊन बसला.

आता कोणी विचारील, याचे आम्हाला काय? श्रोतेहो, ज्या घरात ‘फ्रॅजाइल एक्स’ हा आनुवंशिक विकार आहे, त्या घरातील आईला विचारा. १९९१ मध्ये त्याचे जनुक सापडले. ते मुके झाले की आर. एन. ए. ला धरणारे एक प्रथिन तयार होत नाही आणि मुलाची बुद्धी खुंटते. हे प्रथिन आर. एन. ए. ची एक चारपदरी घडी ओळखते, असे २००१ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. ‘ए. एल. एस.’ या विकारात तर माणसाचे स्नायू हळूहळू निकामी होतात. काही कुटुंबांत त्याचे कारण ‘फस’ या आर. एन. ए. धरणाऱ्या प्रथिनातील दोष आहे, हे २००९ मध्ये कळले. थंडीत तूप थिजावे तसे या प्रथिनाचे थेंब काळाने घट्ट होतात, आणि पुरेसा आर. एन. ए. जवळ असला तर ते विरघळलेले राहते, असेही पुढील प्रयोगांत आढळले. ए. एल. एस. समूळ बरा करणारे औषध आजही नाही. परंतु ते कोठे शोधावयाचे, याची दिशा आता दिसू लागली आहे.

निस्लला रोग्याच्या मनाचा ठाव पेशीतील कणांत घ्यावयाचा होता. ज्या द्रव्याने त्याचा रंग धरला, त्याच द्रव्याच्या घड्या आज त्याचे वंशज उलगडीत आहेत. संदेशाची अक्षरे वाचावयास आपण शिकलो. त्याची घडी वाचावयाचे शिक्षण अजून चालू आहे.