वऱ्हाडचा रंगमंच आणि ‘रामशास्त्री’

विश्राम बेडेकर (१९०६) आणि गजानन जागीरदार (१९०७) या दोघांचाही जन्म अमरावतीचा. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘रामशास्त्री’ (१९४४) या चित्रपटाच्या दिग्दर्शकांत राजा नेने यांच्यासह या दोघांची नावे आढळतात. एवढ्यावरून वऱ्हाडचा चित्रपटसृष्टीवरील हक्क सांगण्याचा मोह होतो. परंतु जन्मस्थळ म्हणजे वारसा नव्हे. तो शोधावयाचा तर नाटकाच्या वाटेनेच शोधला पाहिजे.

ही वाट जुनी आहे. अकोल्यास शिकलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘मूकनायक’ १९०१ साली किर्लोस्कर मंडळीने रंगभूमीवर आणले. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे ‘रणदुंदुभि’ १९२७ साली बळवंत संगीत मंडळीने केले; त्यात तेजस्विनीची भूमिका दीनानाथ मंगेशकरांची होती. याच मंडळीने १९३३ मध्ये बेडेकरांचे ‘ब्रह्मकुमारी’ सादर केले. पुढच्याच वर्षी मंडळी बोलपटाकडे वळली, आणि ‘कृष्णार्जुन युद्ध’ या तिच्या चित्रपटाच्या दिग्दर्शनात चिंतामणराव कोल्हटकरांच्या जोडीला बेडेकर होते. वामनरावांचे नाटक ज्या मंडळीने गाजविले, तिच्याच हाताला धरून दुसरा अमरावतीकर पडद्यावर आला, ही गोष्ट जन्मनोंदीपेक्षा अधिक बोलकी आहे.

जागीरदारांची कीर्ती मुख्यतः अभिनयाची. ‘शेजारी’तील (१९४१) मिर्झा आणि राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश या त्यांच्या भूमिका इतक्या ठसठशीत, की ‘रामशास्त्री’चे सारे श्रेय त्यांच्याच पदरी पडत आले. बेडेकरांचा वाटा त्यामुळे झाकला गेला, आणि त्याबरोबर त्यामागची नाट्यपरंपराही.